लेकवर घर घेताय? आधी पक्की जागा मोजा

"आम्ही लेकवर घर घेतलं," असं मी साताऱ्याला फोन करून सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, "लेकीच्या नावावर? अगं, ती अजून आठवीत आहे ना?" लेक म्हणजे तळं, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. पण त्या तळ्याच्या काठावर, स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर, फरशा टाकायला सरकारची परवानगी लागते हे तिला आजही पटलेलं नाही. पहिले सहा महिने मलाही पटत नव्हतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी ११,८४२ तळी आहेत. मिनिॲपोलिसच्या आसपास दहा-पंधरा वर्षं काढली, मुलं मोठी झाली, की प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी 'अप नॉर्थ एखादं केबिन बघू या का', म्हणजे उत्तरेकडे तळ्याकाठी सुट्टीचं घर घ्यायचा विषय निघतो. रिअल्टरच्या पत्रकात बेडरूम असतात, डॉक (पाण्यात जाणारा धक्का) असतो, सूर्यास्ताचा फोटो असतो. या जमिनीवर आणखी किती बांधता येईल, हे त्यात नसतं. आधीच्या मालकाने ती मर्यादा बहुतेक वेळा संपवून टाकलेली असते आणि उरलेलं काय ते तुमच्या वाट्याला येतं. म्हणून खालच्या पहिल्या चार पायऱ्या घर घेण्याआधी करा. मी त्या नंतर केल्या.

१. कोणाचा नियम लागतो ते शोधा

तळ्यापासून १,००० फुटांच्या आत आणि नदीपासून ३०० फुटांच्या आत येणारी जमीन 'शोरलँड'मध्ये मोडते. नदीचं पूरक्षेत्र त्याहून रुंद असेल, तर ते संपेपर्यंत. याचा कायदा १९६९ चा आणि सध्याचे राज्य नियम मुख्यतः १९८९ चे. राज्याचं नैसर्गिक संपदा खातं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं डीएनआर, किमान नियम ठरवतं. अंमलबजावणी काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) किंवा शहर करतं आणि त्यांना राज्यापेक्षा कडक नियम करता येतात. पुष्कळ जणांनी केलेलेही आहेत. तेव्हा दुसऱ्या तळ्यावरच्या मित्राने 'आमच्याकडे चालतं' म्हटलं, तर ते त्याच्याकडे चालतं, एवढाच त्याचा अर्थ.

जागा शहराच्या हद्दीत असेल तर शहराला विचारायचं, नसेल तर काउंटीच्या झोनिंग ऑफिसला, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते पाहणाऱ्या कचेरीला. काही टाउनशिपचं, म्हणजे काउंटीतल्या छोट्या विभागांचं, स्वतःचं झोनिंग असतं. शिवाय काही भागांत, विशेषतः ट्विन सिटीजच्या (मिनिॲपोलिस-सेंट पॉलच्या) आसपास, वॉटरशेड डिस्ट्रिक्टची (पाणलोट क्षेत्र सांभाळणाऱ्या संस्थेची) वेगळी परवानगी लागते. लेक मिनेटोंकावर तर डॉकचे नियम पाहणारी आणखी एक स्वतंत्र संस्था आहे. पार्सल नंबर (जमिनीचा सरकारी क्रमांक) हाताशी ठेवून एकच प्रश्न विचारा: "या पार्सलवर काहीही करायचं झालं तर कोणाकोणाची परवानगी लागेल?" उत्तर ई-मेलवर घ्या.

२. तळ्याचा वर्ग पाहा

राज्याने तळ्यांचे मुख्य तीन वर्ग केले आहेत आणि बांधकाम काठापासून किती मागे हवं, ते वर्गावर ठरतं. 'नॅचरल एन्व्हायर्नमेंट' तळ्याला १५० फूट, 'रिक्रिएशनल डेव्हलपमेंट'ला १०० आणि 'जनरल डेव्हलपमेंट'ला ७५. सार्वजनिक गटारलाइन असेल तर शेवटचे दोन आकडे अनुक्रमे ७५ आणि ५० होतात, पहिल्याचे १५० तसेच राहतात. शांत, लव्हाळ्यांनी वेढलेलं, लून पक्ष्यांचा आवाज येणारं तळं आपल्याला आवडतं. पण तेच बहुधा पहिल्या वर्गात असतं. तिथे आवड आणि अंगण यांतलं एक निवडावं लागतं.

३. अंतर पाण्यापासून मोजू नका

ही माझी पहिली चूक. आम्ही ऑगस्टमध्ये, कोरड्या उन्हाळ्यात, टेप घेऊन पाण्याच्या कडेपासून घरापर्यंत मोजलं. ११२ फूट भरले. १०० फुटांचा नियम, म्हणजे पुढे १२ फूट मोकळे, असा हिशेब करून आम्ही पॅटिओचं, म्हणजे घरालगतच्या फरसबंद अंगणाचं, चित्रही काढलं. काउंटीचा माणूस आला, वाळलेल्या वाळूवरून चालत मागे गेला आणि गवत जिथे दाट होतं तिथे त्याने झेंडी रोवली. तिथून घर ९४ फुटांवर होतं.

अंतर मोजतात ते नेहमीच्या भरपाण्याच्या रेषेपासून. पाणी जिथपर्यंत पुरेसा काळ टिकून जमिनीवर खूण ठेवून गेलं, पाणवनस्पती संपून जमिनीवरची झाडं जिथे सुरू होतात, ती ही रेषा. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा असते, तिच्याशी हिची गल्लत करू नका. पूररेषा हा इथे वेगळाच विषय आहे. कित्येक तळ्यांसाठी डीएनआरने या पातळीचा आकडा ठरवून दिलेला असतो. सर्व्हेअरला तो आकडा देऊन रेषा नकाशावर काढून घ्या.

घर ९४ फुटांवर, नियम १०० चा, मग घर बेकायदा का? नाही. नियमाआधी बांधलेलं असेल तर ते 'नॉनकन्फॉर्मिंग', म्हणजे नियमात न बसणारं, म्हणून राहू शकतं. दुरुस्ती करता येते, आहे तेवढंच पुन्हा बांधताही येतं, वाढवता मात्र येत नाही. आग किंवा तशा संकटात निम्म्याहून अधिक मूल्याचं नुकसान झालं आणि १८० दिवसांत बांधकाम परवान्यासाठी अर्ज केला नाही, तर हा हक्क जातो. वर्षाहून अधिक काळ वापर बंद राहिला तरी जातो. जुनं पडकं केबिन स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

४. पक्की जागा मोजा, आणि हे नीट करा

राज्याचा नियम एका ओळीचा आहे: जमिनीच्या क्षेत्रफळापैकी २५ टक्क्यांहून अधिक भाग पाणी न मुरणारा नको. अर्जांवर याला 'इम्परव्हियस सरफेस' म्हणतात. मी पक्की जागा म्हणते. ओळ एक आहे, पण तिच्यात काय काय मोडतं यावरच सगळी भांडणं होतात.

आमची जमीन ६० फूट रुंद आणि भरपाण्याच्या रेषेपर्यंत १८० फूट खोल. १०,८०० चौरस फूट. तिचे २५ टक्के म्हणजे २,७०० चौरस फूट. आता खर्च बघा:

घराचं छप्पर: १,१५० (भिंतीपासून नव्हे, वळचणीच्या टोकापासून मोजलेलं)
वेगळं गॅरेज, २४ × २४: ५७६
खडीचा ड्राइव्हवे, १२ × ६०: ७२०
सिमेंटची पायवाट, ३ × ४०: १२०
शेड, १० × १२: १२०

बेरीज २,६८६. शिल्लक १४ चौरस फूट. एक पाट मांडून, समोर ताट ठेवून एका माणसाने जेवायला बसावं, एवढी. आम्हाला १६ × २०, म्हणजे ३२० चौरस फुटांचा पॅटिओ हवा होता, उन्हाळ्यात सगळा गोतावळा जमला की पंगत बसेल असा.

इथे नवखा माणूस हमखास अडकतो ती ठिकाणं सांगते.

खडी. "खडीतून तर पाणी जातं," असं मीही म्हणाले. गाड्यांच्या चाकांखाली वर्षानुवर्षं दबलेली खडी जवळजवळ काँक्रीटच होते, म्हणून ती मोजतात.

पेव्हर, म्हणजे अंगणात बसवायच्या फरशा. आमच्या कंत्राटदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, की मधे फटी असलेले पेव्हर घातले की ते मोजतच नाहीत. डीएनआरने २०१६ मध्ये काउंट्यांसाठी नमुना नियमावली काढली. तिच्यात पक्क्या जागेच्या उदाहरणांत खडीही आहे, पाणी मुरणारे पेव्हरही आहेत आणि लाकडी डेकही (घरालगतचा फळ्यांचा ओटा) आहे. काही ठिकाणी इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे घातलेल्या पेव्हरना थोडी सूट मिळते, काही ठिकाणी फटी असलेला डेक सोडून देतात. तुमच्या काउंटीत काय चालतं हे कंत्राटदाराला नाही, काउंटीलाच विचारा. तो पैसे घेऊन पुढच्या कामाला जाईल, नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.

फुलझाडांच्या वाफ्यात दगडांखाली घातलेलं प्लास्टिक. तेही धरतात, आणि जुन्या केबिनभोवती ते हमखास सापडतं.

बर्फ. आम्ही घर बघायला गेलो ते फेब्रुवारीत. दीड फूट बर्फाखाली ड्राइव्हवे केवढा, पायवाट आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. काउंटीच्या संकेतस्थळावर नकाशे असतात, त्यात झाडांना पालवी फुटण्याआधीचे हवाई फोटो मिळतात आणि त्यावरच फुटांत मोजायची सोयही असते. घरबसल्या अर्ध्या तासाचं काम आहे. थंडीत खरेदी करत असाल, तर ऑफरमध्येच अट घाला की सर्व्हे आणि पक्क्या जागेचा हिशेब हाती येईपर्यंत मागे हटायची मुभा राहील.

एवढी काटेकोरता कशाला, हा राग मलाही यायचा. मग मी पावसाचा हिशेब केला. आमच्या २,६८६ चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला, की सुमारे १,६७० गॅलन, म्हणजे ६,३०० लिटर पाणी उताराने तळ्याकडे धावतं. आपल्याकडचा पाच हजार लिटरचा टँकर भरून वर उरेल एवढं. ते जाताना माती, पालापाचोळा आणि त्यांतला फॉस्फरस घेऊन जातं. एक पौंड फॉस्फरसवर ५०० पौंडांपर्यंत शेवाळ पोसू शकतं, असं इथे सांगतात. हिरवळीला फॉस्फरसचं खत घालायलाही या राज्यात २००५ पासून सर्वत्र निर्बंध आहेत. ज्या निळ्या पाण्यासाठी आपण एवढे पैसे मोजतो, ते हिरवं व्हायला काठावरची शे-दीडशे छपरं पुरतात.

५. हवं ते कुठे बसतंय ते पाहा

टक्के शिल्लक असले, तरी जागा कुठली हा प्रश्न वेगळा. काठापासूनच्या ठरलेल्या अंतराचा अर्धा पट्टा, म्हणजे १०० फुटांच्या तळ्यावर ५० फूट, हा सगळ्यात नाजूक भाग मानतात. तिथली झाडं-झुडपं सरसकट तोडता येत नाहीत; पाणी दिसावं म्हणून थोडी छाटणी चालते. त्या पट्ट्यात किंवा तीव्र उतारावर १० घनयार्डांहून जास्त माती हलवायची तरी परवानगी लागते. एक डंपर भरला की मर्यादा गाठलीच.

काठाशी होड्या-बिड्या ठेवायला छोटी खोली बांधायची मुभा राज्य नियमात आहे: एका जमिनीवर एकच, २५० चौरस फुटांपर्यंत, उंची १० फुटांपर्यंत, रेषेपासून निदान १० फूट मागे. तिच्यात राहायचं नाही, नळ-संडास घ्यायचा नाही. काही काउंट्यांनी ही मुभाही काढून घेतली आहे. काठाकडे उतरणारा जिना ४ फुटांपर्यंत रुंद, मधले टप्पे ३२ चौरस फुटांपर्यंत. रेषेच्या खाली, म्हणजे पाण्याच्या बाजूला काही करायचं तर विषय थेट डीएनआरकडे जातो. पाणवनस्पती उपटायलाही.

आम्ही शेवटी काय केलं? शेड काढली: १२० वाचले. ड्राइव्हवे १२ ऐवजी ९ फुटांचा केला: १८० वाचले. आधीचे १४ धरून ३१४ झाले. पॅटिओ १६ × १९ चा काढला, ३०४ चौरस फूट, आणि तोही घराच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, गॅरेजशेजारी. तिथून तळं दिसत नाही. सासूबाई म्हणतात, "तळ्यावर येऊन गॅरेज बघत चहा पितो आपण." पण मासळी तळायला आणि मुलांनी भिजून येऊन बसायला ती जागा उत्तम आहे. पाणी बघायचं तर डॉकवर खुर्च्या आहेतच.

६. सेप्टिक टँक विसरू नका

गावठाणाबाहेरच्या बहुतेक केबिनना स्वतःची सेप्टिक असते. बेडरूम वाढवायची तर तिची तपासणी झाल्याचा दाखला लागतो, आणि शोरलँडमध्ये काउंट्या इतर परवान्यांसाठीही तो बहुधा मागतात. जुन्या सेप्टिकचा तपासणी अहवाल तीन वर्षं चालतो, नव्या सेप्टिकचा पाच. जमीन गोठलेली असताना मातीची तपासणी अडते, म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबू नका. आणि पॅटिओ किंवा गाड्यांची जागा ड्रेनफिल्डवर, म्हणजे सेप्टिकचं पाणी जिथे जमिनीत मुरतं तिथे, काढू नका. आमच्या पहिल्या चित्रात ती बरोबर तिथेच होती.

७. अर्जाची फाइल

आम्हाला हे लागलं:

• परवानाधारक सर्व्हेअरचा नकाशा, त्यावर भरपाण्याची रेषा, घराचं अंतर आणि सीमा
• पार्सल नंबर आणि मालकीची कागदपत्रं
• मापात काढलेलं चित्र: आहे ते एका रंगात, काढणार ते दुसऱ्या, नवं तिसऱ्या
• पक्क्या जागेचा तक्ता, आधीचा आणि नंतरचा, ओळीनुसार
• सेप्टिकचा अहवाल
• पाणी कुठे मुरवणार याचा आराखडा. ठराविक टक्क्यांच्या वर गेल्यावर काही काउंट्या २५ च्या आतही तो मागतात
• सगळ्या बाजूंचे फोटो, बर्फ नसतानाचे
• फी

तक्ता स्वतः करा, कंत्राटदारावर सोडू नका. छपराच्या पन्हळीचं पाणी रेनगार्डनमध्ये (पाणी मुरवणाऱ्या वाफ्यात) सोडलं असेल तर तेही दाखवा. आम्ही मुळं खोल जाणाऱ्या स्थानिक गवतांचा एक उथळ वाफा केला. टक्केवारीत त्याची सूट मिळाली नाही, पण समोरच्या माणसाचा सूर बदलला. एक गोष्ट मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे: इथे ओळख काढून, 'जरा बघा ना' म्हणून काही होत नाही. पण अर्ज भरण्याआधी भेट मागितली तर बहुतेक ऑफिसं देतात आणि त्या अर्ध्या तासात फुकट सल्ला मिळतो.

अर्ज पूर्ण असेल, तर राज्य कायद्याप्रमाणे ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो; मुदत वाढवायची तर त्यांना तसं कारणासह लेखी कळवावं लागतं. 'पूर्ण' या शब्दावर लक्ष ठेवा. एक कागद कमी असला की दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आमचा पहिला अर्ज सर्व्हेवर उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून परत आला होता.

८. व्हेरियन्स मागायचा का?

नियमात बसत नसेल तर सूट, म्हणजे व्हेरियन्स, मागता येते. जाहीर सुनावणी होते, शेजाऱ्यांना पत्रं जातात, डीएनआरलाही कळवतात. 'प्रॅक्टिकल डिफिकल्टी' दाखवावी लागते: तुम्हाला हवा तो वापर रास्त आहे, अडचण त्या जमिनीच्या वेगळेपणामुळे आहे आणि ती तुम्ही निर्माण केलेली नाही, आणि सूट दिल्याने परिसराचं रूप बदलणार नाही. नुसतं 'खर्च जास्त येतो' हे कारण पुरत नाही. 'पंगत बसत नाही' हे तर नाहीच. जमीन अरुंद, मागे दलदल, त्यामुळे घर दुसरीकडे हलवताच येत नाही, अशा प्रकरणात मागायला हरकत नाही. मोठ्या पॅटिओसाठी माझ्या मते मागूच नये: फी जाते, उन्हाळा जातो आणि शेजाऱ्यांशी पहिली ओळख सुनावणीत होते.

आधी बांधून मग परवानगी मागायचा विचार तर डोक्यातूनच काढा. अशा अर्जाची फी बहुधा जास्त असते, आणि नाकारला गेला तर स्वतःच्या खर्चाने उखडावं लागतं. काउंटीकडे तुमच्या जमिनीचे जुने-नवे हवाई फोटो आहेत, हे विसरू नका.

नदीपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये घर बघत असाल, तर वरचे आकडे तसेच नेऊ नका. तिथे अंतर साधारण ७५ फूट आहे. पाण्यापासून ३०० फुटांच्या आत १५ टक्क्यांपर्यंत पक्की जागा चालते आणि त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत जायचं तर परवाना घेऊन बदल्यात काठावर झाडी लावण्यासारखी भरपाई करावी लागते. काठावरची ३५ फुटांची झाडी तिथे फार जपतात.

९. काम आणि शेवटची तपासणी

काम सुरू करण्याआधी उताराच्या खालच्या बाजूला गाळ अडवणारं कापड लावून घ्या, परवाना दर्शनी जागी अडकवा आणि कंत्राटदाराला मापं लिहून द्या. 'साधारण १६ बाय २०' असं तोंडी सांगितलं की तो २० चाच पॅटिओ करतो. आमच्याकडे कडेची एक ओळ दुपारी उचलायला लावली.

तपासणीला तोच झेंडीवाला माणूस आला. टेप लावला, ३०४ भरले, ड्राइव्हवे ९ फूट, मान डोलावली. मग तो शेड होती तिथे गेला. शेड आम्ही स्वतःच पाडून लाकूड जाळायला रचून ठेवलं होतं आणि मोकळ्या चौथऱ्यावर मुलांनी खडूने ठिक्कर आखली होती. त्याने त्या १० × १२ च्या काँक्रीटवर उभं राहून माझ्याकडे पाहिलं. शेड गेली तरी ते १२० चौरस फूट जागेवरच होते. तो चौथरा फोडून, तुकडे वाहून, माती भरून बी पेरायला आम्हाला आणखी दोन शनिवार लागले. तुम्ही काढाल तेव्हा चौथऱ्यासकट काढा आणि फोटो तारखेसह फाइलला लावा.